गावठाणाचा चौक वाचवायचा तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांताक्रूझ-अंधेरी पट्ट्यातलं एक गावठाण. मधोमध चौक, चौकात क्रूस, वापरात नसलेली विहीर, तिच्या काठाला उंबर, आणि भोवती आठ-दहा कौलारू घरं. त्यातल्या दोन घरी बिल्डरची माणसं येऊन गेली आहेत. रहिवाशांत तीन तट आहेत. एक म्हणतो वारसा यादीत नाव घालून घ्या, दुसरा म्हणतो सगळ्यांनी मिळून पुनर्विकास करा, आणि तरुण मंडळी म्हणतात आधी भिंती रंगवू, पेव्हर टाकू, लोक येऊ लागले की गावठाणाला किंमत येईल. सुरुवात कशापासून करावी?

या तिन्हींपासून नको. आधी मोजणी, मग कागद, मग पाणी, त्यानंतर घरं. रंग सगळ्यांत शेवटी. वारसा आणि पुनर्विकास यांचं उत्तर पहिल्या दोन पायऱ्या झाल्यावर बरंचसं आपोआप मिळतं.

गावठाणाचं रूप कशात आहे असं विचारलं की लोक नक्षीदार कठडा, लाकडी जिना आणि रंगीत खिडक्या दाखवतात. ते खरंच आहे, पण कठडा बदलला तरी चौक चौकच राहतो. चौक मोडतो तो चार मापं बदलली की: गल्लीची रुंदी, पागोळीपर्यंतची म्हणजे छपराच्या खालच्या कडेपर्यंतची उंची, जोत्याची उंची आणि दार कुठे उघडतं. मुंबईच्या जुन्या गावठाणांत साधारणपणे गल्ली दोन ते साडेतीन मीटर, पागोळी पाच ते सात मीटरवर, जोतं दीड-दोन फूट, आणि दार थेट ओट्यावर उघडणारं. ओट्यावर बसलेल्या माणसाची आणि गल्लीतून जाणाऱ्याची नजर जवळपास एका पातळीत येते, म्हणून तिथे बोलणं होतं. दार आत ओढलं, पुढे कुंपण घातलं, तळाला गाड्या आणि शटर आणलं, की वरची नक्षी शाबूत असूनही चौक मेलेला असतो. वांद्र्याच्या रानवारमध्ये संध्याकाळी एक फेरी मारा. जिथे ओटा उरलाय आणि जिथे उरला नाही, त्या दोन घरांपुढचा रस्ता वेगळा वागताना दिसेल.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. लेझर मीटर, साधा टेप, आणि पातळी बघायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी एवढं पुरतं. गल्लीत दर पाच मीटरवर एक आडवा छेद घ्यायचा: या घराचं जोतं, ओट्याची खोली, गल्लीची रुंदी, समोरचं जोतं, गटार कुठे आणि किती खोल. सगळ्या पातळ्या एकाच खुणेपासून मोजा. क्रूसाच्या चौथऱ्याची वरची कड यासाठी उत्तम, कारण ती कोणी हलवत नाही. प्रत्येक घराचा दर्शनी भाग समोरून सरळ फोटोत घ्या आणि फोटोत एक मीटरची काठी उभी ठेवा. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडून १:१०० वर काढून घेतलं तर उत्तमच, पण हाताने काढलेल्या वहीलाही पुढे सुनावणीत किंमत येते. ‘चौक पूर्वी मोठा होता’ या वाक्याला ती येत नाही.

आता कागद. नगर भूमापन कार्यालयातून चौकाभोवतीच्या प्रत्येक मिळकतीचं मालमत्ता पत्रक आणि भूमापन नकाशाची प्रमाणित प्रत काढा. त्यासाठी मिळकतीचा भूमापन क्रमांक लागतो, उपनगरात त्याला सीटीएस क्रमांक म्हणतात, शहर भागात सीएस क्रमांक. नकाशा बहुधा १:५०० चा असतो. त्यात चौक कसा दाखवलाय ते नीट पाहा. कधी तो रस्ता म्हणून रंगवलेला असतो, कधी त्याला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि कधी तो शेजारच्या एखाद्या घराच्या क्रमांकातच गेलेला असतो. हा तिसरा प्रकार सगळ्यांत धोक्याचा. ते घर विकलं की खरेदीखतात चौकाचा तुकडाही जातो, आणि गावाला कळतं ते पत्रे ठोकल्यावर. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे जे रस्ते, गल्ल्या, मोकळ्या जागा कोणा खासगी व्यक्तीच्या मालकीच्या नाहीत त्या शासनाच्या. त्या कलमातच हक्काच्या वादाची चौकशी करायची तरतूद आहे. चौक कोणाच्या नावावर चुकून गेला असेल तर खरेदी होण्याआधी अर्ज करा, नंतर नव्हे.

गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. अनेक ठिकाणी कागदावरची हद्द आणि प्रत्यक्ष वस्ती यांत तफावत असते. वस्ती वाढत गेली आणि हद्द जुनीच राहिली. हद्दीबाहेर पडलेल्या घरांना गावठाणाची कुठलीच सवलत मिळत नाही, आणि पुढे त्याच घरांवर झोपडपट्टीचा शिक्का बसू शकतो. १९७१ च्या झोपडपट्टी अधिनियमाच्या कलम ४ खाली क्षेत्र घोषित झालं, तर राजपत्रात घोषणा आल्यापासून ३० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. ही मुदत लोकांच्या हातून हमखास निसटते, कारण राजपत्र कोणी वाचत नाही. एका माणसाकडे हे कामच सोपवा.

घरागणिक एक फाइल करा. तीत १९६१-६२ चा असेसमेंट उतारा, म्हणजे मालमत्ता कराच्या आकारणीचा उतारा, असलाच पाहिजे. निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचं आणि अनिवासी १ एप्रिल १९६२ पूर्वीचं असेल तर महापालिका ते तसंच राहू देते. मंजूर नकाशे बहुतेक घरांकडे नसतात आणि असण्याचं कारणही नाही. ही गावं साष्टीतली. मुंबईत आली ती १९५० आणि १९५७ च्या हद्दवाढीत. नियम मात्र शहराचे लागू झाले.

फाइलच्या आतला खरा गुंता वारसांचा. पत्रकावर पणजोबांचं नाव आणि हयात वारस तीस, त्यातले निम्मे वसई, पुणे नाहीतर परदेशात. बिल्डर घर विकत घेत नाही, तो एका दूरच्या वारसाचा अविभक्त हिस्सा विकत घेतो आणि मग आत पाऊल टाकतो. इथे दोन कलमं माहीत असावीत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ४४: एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला घरात एकत्र ताबा मागता येत नाही. आणि विभाजन अधिनियम, १८९३ चं कलम ४: त्या परक्याने वाटणीचा दावा लावला, तर कुटुंबातल्या हिस्सेदाराला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत त्याचा हिस्सा विकत घेता येतो. दोन्ही ‘राहत्या घरा’पुरती आहेत. घर बंद, वीज कापलेली, छप्पर कोसळलेलं असेल तर वकिलाला हे मांडताना घाम फुटतो. म्हणून कोणी राहणं किंवा निदान नियमित वापर असणं ही कायद्याच्या दृष्टीनेही मोलाची गोष्ट आहे. वारस नोंदी वेळेत करून घ्या, ज्यांना हिस्सा नको त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोड पत्र घ्या. नुसत्या ‘आमचं काही म्हणणं नाही’ या फोनवर कोणी थांबू नये.

वॉर्डातून आणखी दोन गोष्टी मागवायच्या: विकास आराखड्याचा अभिप्राय, ज्याला सगळे डीपी रिमार्क म्हणतात, आणि रस्तारेषा. १८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम २९७ खाली आखलेली रस्तारेषा चौकातून जात असेल, तर आज काही दिसत नाही. पण रेषेवरचं घर पाडून नवं बांधायला घेतलं की तेवढा भाग सोडावा लागतो. एक घर मागे गेलं, शेजारचं जुनं पुढेच राहिलं, की चौकाला दातपडका जबडा येतो, आणि मोकळ्या झालेल्या फटीत दुसऱ्या दिवशी रिक्षा उभी राहते. आराखड्यातला रस्ता बदलून घ्यायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालच्या फेरबदलाचा मार्ग आहे. तो लांबचा आहे, आणि तिथे तुमची मोजणीची वही लागते.

गावठाणाला वेगळी नियमावली का हवी, हे एका आकडेमोडीत कळतं. सहा मीटर बाय नऊ मीटरचा भूखंड धरा, म्हणजे ५४ चौरस मीटर. चारही बाजूंनी नुसतं दीड मीटर सोडलं तर उरतं तीन बाय सहा, म्हणजे १८ चौरस मीटर, एक तृतीयांश. ज्याला आपलं पडकं घर नियमात राहून पुन्हा बांधायचंय त्याला बांधताच येत नाही. मग तो एकतर परवानगीशिवाय पत्र्याचे मजले चढवतो, नाहीतर शेजाऱ्यांसह भूखंड एकत्र करून बिल्डरकडे देतो. गावठाणं लोभाने गेली असं म्हणायची पद्धत आहे. बरीचशी या १८ चौरस मीटरमुळे गेली. त्यामुळे गावठाण समितीने वॉर्डात, मंत्रालयात काही मागायचंच असेल तर चटईक्षेत्र (एफएसआय) वाढवून मागण्यापेक्षा भिंतीला भिंत लावून, जुन्या जोत्यावरच पुनर्बांधणीची मुभा मागावी. चौकाला जास्त एफएसआयने मरण येतं, भिंतीभोवती मोकळं सोडायचं सामासिक अंतर शून्य केल्याने येत नाही. कोळीवाड्यांचं थोडं वेगळं आहे. २०११ च्या सागरी नियमन (सीआरझेड) अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली, आणि २०१९ ला नवी अधिसूचना आली. किनाऱ्यालगत असाल तर डीपी रिमार्कबरोबर सीआरझेड नकाशातली आपली जागाही तपासा.

आता वारसा यादी. मुंबईत १९९५ पासून वारसा नियम आहेत, सध्या ते विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या नियम ५२ मध्ये आहेत. पहिली श्रेणी कडक, दुसरी मधली, तिसरी ढिली, आणि पूर्ण वाडीसाठी ‘परिसर’ हा प्रकार. गिरगावातली खोताची वाडी आणि माझगावची म्हातारपाखाडी हे परिसर म्हणून गणले जातात. तरीही खोताच्या वाडीतली जुनी घरं एकामागून एक गेली आणि भोवती टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. यादीने काय मिळतं, तर दर्शनी बदलाला आणि पाडकामाला वारसा समितीपुढे जावं लागतं, म्हणजे वेळ मिळतो. काय मिळत नाही, तर दुरुस्तीचा पैसा, भाडेकरूचा प्रश्न सोडवणारा कोणी, आणि वारसांना एकत्र आणणारं कोणी. म्हणून माझं मत असं: चौकाची परिसर म्हणून नोंद जरूर मागा, पण घरमालकांना विश्वासात न घेता वरून अर्ज टाकू नका. यादीत नाव येणार म्हटल्यावर घाबरून आधीच घर पाडणारे लोक असतात. त्यांचा त्यात फार दोषही नसतो, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की तिसऱ्या श्रेणीत आतलं स्वयंपाकघर कोणी मोजायला येत नाही.

एकत्रित पुनर्विकासाबद्दल एवढंच. भूखंड एकत्र झाले की मधल्या गल्ल्या नकाशावरून जातात, चौक ‘मनोरंजन मैदान’ होऊन गेटच्या आत जातो आणि क्रूस कोपऱ्यात ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर. ज्यांना हे चालणार असेल त्यांनी खुशाल करावं, पण याला चौक वाचवणं म्हणू नये.

पाण्याकडे येतो, कारण गेल्या काही दशकांत गावठाणांचं सर्वाधिक नुकसान बिल्डरने नाही, रस्तादुरुस्तीने केलं आहे. दर दोन-चार वर्षांनी निधी येतो, जुन्या थरावर नवा थर पडतो. डांबरावर काँक्रीट, काँक्रीटवर वाळू, वाळूवर पेव्हर. प्रत्येक वेळी दोन ते पाच इंच. तीन-चार फेऱ्यांत फूटभर उंची चढते आणि दोन फुटांचं जोतं एक फुटाचं होतं. मग ओट्यावर बसलं की गुडघे छातीशी येतात, पहिल्या मोठ्या पावसात पाणी उंबऱ्यावर, आणि घरमालक ओट्यावर दीड फुटाची विटांची भिंत घालतो. चौकातलं बसणं तिथे संपलं. पुढची पायरी ठरलेली: घरात पाणी येतं म्हणून घर उचलायचं, म्हणजे पाडायचं. वरवर पाहता घर जुनं झालं म्हणून गेलं, खरं कारण कंत्राटदाराने खरवडायचे पैसे वाचवले.

म्हणून कुठलंही काम निघण्याआधी अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागा आणि त्यात ‘जुना थर उकरून काढणे’ ही बाब आहे का ते पाहा. नसेल तर काम सुरू होण्याआधी लेखी हरकत. असेल तर काम चालू असताना क्रूसाच्या कडेपासून पातळी मोजत राहा. बाब लिहिलेली असते, बिलही निघतं, पण उकरलेलं नसतं. अंतिम पातळी जुन्या जोत्यांपासून किमान ४५ सेंटीमीटर खाली असावी हा आग्रह धरा. काही ठिकाणी उकरल्यावर मूळ काळ्या दगडाची फरसबंदी सापडते. ती फोडून राडारोड्यात जाऊ देऊ नका. दगडांवर क्रमांक टाकून बाजूला रचा, खालच्या वाहिन्या टाकून झाल्या की तेच दगड परत बसवा.

उतार किती आणि गटार केवढं? चौक १५ बाय १२ मीटरचा धरला तर १८० चौरस मीटर. भोवतीच्या आठ घरांची छपरं, प्रत्येकी ६० चौरस मीटर, म्हणजे ४८०. सगळं मिळून ६६०. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरा. शहराच्या पर्जन्यजल वाहिन्या सुधारताना हाच आकडा धरला गेला. तासाला ३३ घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण नऊ लिटर पाणी या एका चौकातून बाहेर जायला हवं. २६ जुलै २००५ सारख्या दिवशी, जेव्हा सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, कुठलंच गटार पुरत नाही, त्या दिवशी फक्त जोतं वाचवतं. नऊ लिटरसाठी फूटभर रुंद, फूटभर खोल उघडं गटार १:२०० उतारावरही पुरतं, अट एकच, ते साफ हवं. बंद पाइप घालू नका. गल्लीत पाइप तुंबला की तो कुठे तुंबलाय हेच कळत नाही. वर उचलता येतील अशा दगडी किंवा काँक्रीटच्या झाकण्या, एका माणसाला उचलता येईल एवढ्याच वजनाच्या. चौकाला मध्यापासून कडेकडे उतार साधारण ५० ला १. काही गावठाणांत उलटा, मध्ये पन्हळ आणि दोन्हीकडून उतार असा जुना घाट असतो. तो चालत असेल तर बदलू नका, पाणी जोत्यापासून लांब जातं.

पेव्हर टाकायचाच असेल तर ८० मिलिमीटर जाडीचा, कारण सिलिंडरचा टेम्पो येणारच, आणि कडेला काँक्रीटची घट्ट बांधणी हवी. कड नसली की पहिल्या पावसात वाळू वाहते आणि ब्लॉक हलायला लागतात. आणि मलनिस्सारण, पाणी, वीज, इंटरनेट यांच्या वाहिन्या आधी, फरसबंदी नंतर. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

चौकाच्या मधल्या गोष्टींना हात लावताना जरा थांबा. विहीर बुजवण्यामागे सहसा डासांची नोटीस असते. बुजवायची गरज नाही. बारीक जाळीचं, कुलूप लावता येईल असं झाकण बसवा, गप्पी मासे सोडा, आणि उपसा चालू ठेवा. कपडे, गाड्या, झाडं, ज्याला लागेल त्याला ते पाणी वापरू द्या, न उपसलेली विहीरच नोटिशीला कारण होते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळ ख्रिस्ती, घरात लग्नाआधी उंबराचं पाणी आणायला याच विहिरीवर वाजतगाजत जायचं असतं. विहीर पुरली की तो विधी बादलीवर येतो. उंबराच्या बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवा. काँक्रीट बुंध्याला भिडवलं की मुळं जोत्याखाली शिरतात आणि मग झाडावर दोष येतो. पन्नास वर्षांहून जुनं झाड असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने ते ‘वारसा वृक्ष’ ठरतं. त्याची नोंद करून घ्या.

क्रूसाचं कागदपत्र घराइतकंच गंभीरपणे करा. यातले बरेच १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले आहेत आणि चौथऱ्यावर साल कोरलेलं असतं. अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आल्यापासून, त्याआधीचं बांधकाम आहे हे दाखवावं लागतं. सालाची पाटी ऑइलपेंटच्या थरांखाली गेली असेल तर थर हलक्या हाताने काढा, फोटो घ्या, भूमापन नकाशावर जागा दाखवा. टाइल्स लावून ‘नूतनीकरण’ केलं तर तुमचा पुरावा तुम्हीच झाकलात. कोळीवाडा असेल तर होळी रोवायची जागा, बोंबील वाळवायच्या वलांडी आणि जाळी विणायची पडवी हेही नकाशावर आखून ठेवा, कारण सरकारी नजरेला त्या रिकाम्या जागा दिसतात. होळीच्या जागी मीटरभर व्यासाचा मातीचा गोल सोडा. पेव्हर घातला तर शिमग्याला लोक तो उखडतातच, आणि तेच बरोबर आहे.

घरांची दुरुस्ती. आधी परवानगीचा भाग, कारण इथेच लोक घाबरतात. महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ खाली गिलावा, रंग, दर्जा भरणं, लादी बदलणं, न्हाणीघर-संडासाची दुरुस्ती, नळ-गटाराचे पाइप, विजेची फिटिंग आणि त्याच साहित्याने छप्पर बदलणं याला परवानगी लागत नाही. पण लांबी-रुंदी-उंची बदलली, भार पेलणारी भिंत किंवा खांब काढला, जमीन खोल केली, पोटमाळा घातला, छप्पर सपाट केलं किंवा वेगळ्या साहित्याने केलं, की ती दुरुस्ती राहत नाही. म्हणजे कौलाच्या जागी कौल बिनघोर, कौलाच्या जागी पत्रा घातला तर अडकलात. कायदा इथे चौकाच्या बाजूने आहे. यादीत नसलेल्या घरांनाही हे लागू आहे, आणि फारच थोड्यांना माहीत असतं.

छप्पर एप्रिल-मेमध्ये उतरवा. मंगलोरी कौलं चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात. दहा टक्के जादा घ्या, जुनी शाबूत कौलं दर्शनी बाजूला आणि नवी मागे. कौलं ज्यांवर टेकतात त्या रिपांमधलं अंतर कौलाच्या खाचेवर ठरतं, सुमारे ३२ सेंटीमीटर. अंदाजाने ठोकल्या की कौल खाचेत बसत नाही आणि वाऱ्याने पाणी उलटं चढतं. उतार २६ अंशांपेक्षा कमी नको. कौलांवर डांबरी कागद किंवा निळं प्लास्टिक कायमचं टाकू नका, खाली वासे घामेजतात आणि दोन पावसाळ्यांत वाळवी येते. खांबाचा पाया कुजला असेल तर पूर्ण खांब बदलायची घाई नको. टोच्या घुसवून पाहा, जिथे लाकूड टणक लागतं तिथून कापा, तेवढाच मुरलेल्या सागाचा तुकडा पायरी-सांध्याने जोडा आणि बुडाशी काळ्या दगडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही.

भिंत चुन्यातली असेल तर सिमेंटचा गिलावा करू नका. विटेतली ओल बाहेर पडायला वाट मागते, सिमेंट ती बंद करतं, मग ओल वर चढते, फूटभर वरून लोणा म्हणजे खाराचा पांढरा थर फुटतो आणि पापुद्रे पडतात. गवंडी म्हणतो वॉटरप्रूफिंग करा, ते केलं की ओल आणखी वर. उपाय जुनाच: एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटेची पूड), दोन भाग धुतलेली वाळू, बारा मिलिमीटरहून जाड थर एका वेळी नको. चुना किमान पंधरा दिवस पाण्यात मुरलेला हवा, कच्चा चुना भिंतीवर जाऊन फुगतो आणि खडे उडतात. आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, म्हणजे पावसाआधी चुना पकडतो. वर चुन्याचाच रंग.

आणि स्लॅब. कौलारू घराच्या भिंतीवर मजला चढवायचा मोह सगळ्यांना होतो. कौलांचं वजन चौरस मीटरला सुमारे ४० किलो. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब ३१० किलो, वर माणसं आणि टाक्या वेगळ्या. चुन्यातल्या जुन्या भिंतीने आणि तिच्या उथळ पायाने ते का सोसावं? मजला हवाच असेल तर स्वतंत्र पायावर, आतल्या बाजूने खांब घेऊन, परवानगीसह आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सहीने. खाऱ्या हवेत काँक्रीट एम ३० या प्रतीच्या खाली नको आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण. गावठाणात सर्रास १५-२० मिलिमीटर ठेवतात, म्हणून काही वर्षांतच सळया दिसायला लागतात. दर्शनी बाजूला नवा मजला मागे ओढा, तीन मीटर तरी. चौकात उभं राहून दिसला नाही की पुरे.

तरुणांच्या चित्रांबद्दल: चुन्याच्या भिंतीवर ॲक्रिलिक रंग म्हणजे प्लास्टिकची पिशवीच, गिलाव्यासकट सोलून येतो. रंगवायचं तर सिमेंटच्या नव्या भिंती, विजेच्या पेट्या, कंपाउंड. त्यापेक्षा त्याच पैशात प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवरचे एसी, मीटर आणि मोकळ्या केबली बाजूच्या भिंतीवर न्या, चौक आहे तसाच उठून दिसेल. कॅफे आला तर हरकत नाही, पण ओटा त्याला भाड्याने देऊ नका. खोली द्या. ओट्यावर खुर्च्या मांडल्या की शेजारची म्हातारी तिथे बसायची बंद होते.

शेवटी घरमालकांत आपसात एक करारनामा करा, साध्या भाषेत, दोन पानांचा. तळमजला अधिक एक किंवा दोन, जोत्याची रेषा तीच, ओटा बंदिस्त करायचा नाही, तळाला शटर नाही, चौकात चारचाकी उभी करायची नाही, विक्री करायची तर आधी शेजाऱ्याला विचारायचं. कायद्याने हा नव्या खरेदीदारावर आपोआप बांधील होत नाही, त्यामुळे प्रत्येक खरेदीखतात त्याचा उल्लेख घालायला वकिलाला सांगा. चारचाकीची अट कडक ठेवा. अरुंद गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरत नाही हे सगळे सांगतात, पण नळीही ओढता येत नाही ती उभ्या गाड्यांमुळे.

आता दिवाळीनंतर लागलात तर क्रम असा जुळतो: नोव्हेंबरात मोजणी आणि कागदांचे अर्ज, हिवाळ्यापासून मार्चपर्यंत गटार आणि पातळी, जोडीने फेब्रुवारीपर्यंत चुन्याची कामं, एप्रिल-मेमध्ये छपरं. पहिल्या मोठ्या पावसात दोघांनी चौकात उभं राहून पाणी कुठे थांबतं ते वहीत मांडायचं, आणि पावसाळा संपल्यावर तेवढ्याच जागा पुन्हा उकरायच्या.